मनी दारात, सरकार रानात

मांजर पाळणाऱ्या माणसाची एक तक्रार ठरलेली असते. ती दूध सांडल्याची नसते, गादी ओरबाडल्याचीही नसते. तक्रार अशी की, 'बाथरूममध्ये पाय टाकायची खोटी, मांजर दाराशी हजर!' कडी लावली तर दार खरवडतं, नाही लावली तर आत शिरतं आणि समोर बसून टक लावून पाहतं. ही तक्रार सांगताना माणसाचा चेहरा बघावा. तक्रार चार आणे, कौतुक बारा आणे. 'आमच्याशिवाय तिला करमतच नाही हो!'

हा फुगा आधी फोडून टाकू. तुम्ही आत काय करता यात मांजराला काडीचाही रस नाही. तिथं तुमचा वास आहे, यात आहे.

आमचं राळेगाव म्हणजे कापसाचा तालुका. इथं मांजर हौसेखातर कमी आणि उंदरांखातर जास्त पाळलं जातं. वेचणी सुरू झाली की घरातली एक खोली कापसाला जाते. पाठोपाठ सोयाबीन आणि तुरीची पोती येतात, पोत्यांमागं उंदीर येतात आणि उंदरांमागं मनी येते. तिची नेमणूक कापसाच्या खोलीत. बसते मात्र न्हाणीच्या दाराशी. नेमणूक एकीकडं आणि मुक्काम दुसरीकडं, ही पद्धत तिनं कुठल्या कचेरीतून उचलली ते तालुक्याच्या गावात राहणाऱ्याला सांगायला नको.

शेजारच्या काकूंची मनी आमच्या गच्चीवरून रोज दिसते. पहाटे बंब पेटला की तिनं खरं तर उबेला बसावं. पण नाही. काकू न्हाणीत, मनी दारात. पत्र्याच्या दाराखाली चार बोटांची फट आहे. त्या फटीतून आधी एक पंजा आत जातो, नखं मिटलेली. पंजा डावीकडं फिरतो, उजवीकडं फिरतो, ओली फरशी चाचपतो, झटकत बाहेर येतो आणि चाटून साफ होतो. मग पुन्हा आत. आतून आवाज येतो, "काहून वं माय, आंघोय तं करू देशीन का नाही मले?" मनी एक कान तेवढा फिरवते.

काकू बाहेर आल्या की तिनं त्यांच्याकडं बघावं की नाही? ढुंकूनही पाहत नाही. थेट आत. ओला पाट हुंगते, साबणाची वडी हुंगते, दांडीवरचं लुगडं हुंगते. एका जागी थबकते, तोंड अर्धवट उघडते, वरचा ओठ मागं ओढते आणि तशीच थांबून राहते. बघणाऱ्याला वाटतं, मांजराला किळस आली. किळस वगैरे काही नाही. तिचं वाचन चालू असतं.

मांजराच्या टाळूत, वरच्या दातांच्या मागं, दोन बारीक छिद्रं असतात. त्यांतून वास एका वेगळ्याच इंद्रियापर्यंत पोचतो. त्याला जेकबसनचं इंद्रिय म्हणतात. भाकरीचा वास कुठला आणि माशाचा कुठला हे नाकाला कळतं. हे दुसरं इंद्रिय कोण येऊन गेलं, नर की मादी, कोणत्या अवस्थेत, असल्या पंचाइती करतं. वाघ हेच करतो, बिबट्या हेच करतो. गाईमागं गेलेला वळू मान वर करून ओठ फाकवतो, तोही हाच प्रकार. माणसात हे इंद्रिय जवळजवळ निकामी झालंय. आपण ती उणीव चावडीवर बसून भरून काढतो.

आता सांगा, घरात माणसाचा वास सगळ्यात जास्त कुठं? बैठकीत उदबत्ती, स्वयंपाकघरात फोडणी, देवघरात कापूर. खरा माणूस उरतो न्हाणीत आणि संडासात. घाम, केस, कातडी, उतरवलेले कपडे, सगळ्यांची नोंद तिथं एकाच जागी. घराचं सगळं दप्तर त्या चार बाय पाचच्या खोलीत असताना मनीनं कापसावर झोपून वेळ का घालवावा?

शिवाय तिचं एक काम आपण तिथं रोज बिघडवतो. मांजर पायाला अंग घासतं, त्याला आपण लाड म्हणतो. त्याच्या गालांवर, हनुवटीवर आणि शेपटीच्या मुळाशी गंधाच्या ग्रंथी असतात. घासणं म्हणजे शिक्का मारणं : हा माणूस आमच्या घरचा. तुम्ही आत जाता, साबण लावता आणि रात्रभर मारलेले शिक्के मोरीतून वाहून घालवता. म्हणून तपासणी आटोपली की मनी परत येते आणि काकूंच्या ओल्या पायांत घोटाळू लागते. काकू म्हणतात, जीव आहे तिचा माझ्यावर. मनीच्या लेखी एक राहिलेली नोंद पुरी झाली.

दुसरं कारण दार. मांजर घराला घर मानत नाही, हद्द मानतं. हद्दीची रोज फेरी होते, आणि फेरीत एक दार बंद सापडलं की झालं अतिक्रमण. दाराआड खजिना आहे की रिकामी बादली, हा प्रश्नच नसतो. दार बंद का, हा प्रश्न असतो. त्यात आत गेलेला माणूस कुठं आहे, याचा हिशेब मांजर पक्का ठेवतं. क्योटो विद्यापीठातल्या साहो ताकागी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये एक मजेशीर प्रयोग छापला. मांजराला मालकाचा आवाज आधी एका जागच्या स्पीकरमधून ऐकवला आणि लगेच दुसऱ्या, लांबच्या स्पीकरमधून. मालक दिसत नव्हता, तरी इतक्या झटक्यात तो इथून तिथं पोचला कसा, म्हणून मांजरं चक्रावली. म्हणजे पाठीमागच्या माणसाचा ठावठिकाणा त्यांच्या डोक्यात चालूच असतो. आमच्याकडं कित्येक साहेबांचा ठावठिकाणा त्यांच्या शिपायालाही माहीत नसतो. तिथं एखादं मांजर नेमून बघायला हरकत नाही.

कौतुकवाल्यांना अगदीच रिकाम्या हाती पाठवत नाही. अमेरिकेतल्या ओरेगन राज्य विद्यापीठात क्रिस्टिन विटाले यांनी 2019 मध्ये मांजरांना काही मिनिटं मालकापासून तोडून पाहिलं. सुमारे 65 टक्के मांजरं मालक परत आल्यावर निवांत झाली आणि आपल्या उद्योगाला लागली. लहान मुलांचं आईशी जसं असतं, तसंच हे नातं, असा निष्कर्ष निघाला. तेव्हा जीव असतो, नाही कशाला म्हणा? पण मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की मनी दुपारभर न्हाणीच्या ओल्या फरशीवर पोट टेकून पडते, तेव्हा त्या जीव लावण्यात फरशीचाही वाटा धरावा लागतो.

इथवर मांजराची पंचाईत झाली. आता माणसाची करू, कारण दुसऱ्याच्या संडासात डोकावण्याची खोड एकट्या मांजराची नाही.

2 ऑक्टोबर 2014 ला स्वच्छ भारत अभियान सुरू झालं. गावोगावी संडास बांधायला 12,000 रुपये मिळू लागले. काम चांगलंच होतं. बायाबापड्यांची अंधाराची वाट बघणं कमी झालं, याचं मोल कुणी नाकारू नये. पण सरकारला नुसता संडास पुरला नाही, फोटो हवा होता. लाभार्थी संडासासमोर उभा, गंभीर चेहरा, मागं नवं पांढरं दार. ज्या माणसाचा लग्नाव्यतिरिक्त कधी फोटो निघाला नव्हता, त्याचा दुसरा फोटो हा. त्याआधीपासून गुड मॉर्निंग पथकंही होतीच. पहाटे टमरेल घेऊन निघालेल्या माणसाला वाटेत गाठायचं. कुठं गुलाबाचं फूल द्यायचं, कुठं दंड करायचा. काकूंची मनी निदान दाराबाहेर बसते.

एप्रिल 2018 मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा झाली. घोषणा झाल्यावर प्रश्न विचारायचे नसतात, म्हणून कुणी विचारले नाहीत. पण काही संडासांत पाणी नव्हतं, त्यांत कुटार भरलं गेलं. जिथं कुटार आलं तिथं मांजरी व्यायल्या. त्या योजनेचा एक लाभार्थी असा निघाला, की त्यानं अर्जही केला नव्हता आणि फोटोही काढू दिला नव्हता. गाडगेबाबा याच वऱ्हाडचे. जन्मभर गावं झाडत फिरले. त्यांनी हातात खराटा घेतला, कॅमेरा नाही.

माणसाच्या संडासाचा बंदोबस्त झाला त्याच वर्षी राळेगाव तालुक्यात सरकार आणखी एका संडासाच्या शोधात निघालं. तो होता वाघिणीचा.

मांजर ही वाघाची मावशी, हे आपण पहिलीपासून ऐकतो. मावशीची ही भाची राळेगाव आणि पांढरकवड्याच्या रानात फिरत होती. वनखात्यानं तिला टी-1 नाव दिलं, प्राणिप्रेमींनी अवनी. 2016 पासून दोन वर्षांत या भागात 13 माणसांचे जीव गेले आणि त्यांचा ठपका तिच्यावर आला. इथं विनोद थांबतो. ज्यांच्या घरचा माणूस शेतात गेला आणि परतला नाही, त्यांना वाघाचं सौंदर्य सांगायला जाऊ नये. त्या दिवसांत कापूस वेचायला माणसं घोळक्यानं जात आणि उजेड असतानाच घर गाठत. सप्टेंबर 2018 मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयानं वनखात्याचा आदेश थांबवला नाही : जमलं तर बेशुद्ध करा, नाहीतर गोळी घाला.

मग जी जत्रा भरली ती तालुक्यानं कधी पाहिली नव्हती. सुमारे 200 माणसं, झाडाझाडाला कॅमेरे, उष्णता टिपणारे ड्रोन, पॅराग्लायडर, हैदराबादचे नेमबाज, शिकारी जातीचे परदेशी कुत्रे आणि ते घेऊन आलेला गोल्फचा खेळाडू. हत्तीही आले. त्यांतल्या एकानं साखळी तोडली आणि वाघिणीशी काही देणंघेणं नसलेल्या एका बाईचा जीव घेतला. वाघीण मात्र सापडेना. दोन पिल्लं घेऊन ती सगळ्यांच्या हातावर तुरी देत राहिली. तुरी तरी आमच्याकडं मुबलक.

शेवटी कुणाला तरी मावशी आठवली असावी. कारण पुढचा उपाय थेट न्हाणीच्या फळीवरून आला. कॅल्विन क्लाइन कंपनीचं 'ऑब्सेशन फॉर मेन' नावाचं पुरुषांचं अत्तर रानात शिंपडायचं ठरलं. पानठेल्यावर बातमी पोचली तेव्हा लोकांना आधी थट्टाच वाटली. "वाघाले सेंट लावून बलावून रायले म्हने!"

थट्टा नव्हती. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात 2003 मध्ये दोन चित्त्यांपुढं 24 अत्तरं ठेवून पाहिली होती. एका नामांकित अत्तराला चित्त्यांनी सरासरी दोन सेकंद दिले आणि ते पुढं गेले. 'ऑब्सेशन'पाशी मात्र सरासरी 11 मिनिटं रेंगाळले. हुंगलं, गाल घासले, अर्धमिटल्या डोळ्यांनी खोडाला बिलगले. पुढं ग्वाटेमालाच्या जंगलात जग्वारांना कॅमेऱ्यासमोर थांबवायला तेच अत्तर वापरलं गेलं. जाणकार याचं श्रेय त्यातल्या जवादीच्या गंधाला देतात. जवादी मांजराच्या शेपटीखाली ग्रंथी असते आणि तिच्यातला द्रव शतकानुशतकं अत्तरात पडत आला. आता तो गंध प्रयोगशाळेत बनवतात, पण मूळ पत्ता तोच. म्हणजे बघा, एका जनावराच्या शेपटीखालचा वास माणूस नक्षीदार बाटलीत भरतो, हजारो रुपये मोजतो, गळ्याला लावतो आणि लग्नाला जातो. मनीनं संडासाच्या दारात नाक लावलं की तोच माणूस म्हणतो, शी!

2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री राळेगाव तालुक्यातल्या बोराटीच्या रानात टी-1 मारली गेली. त्या भागात अत्तर आणि दुसऱ्या एका वाघिणीचं मूत्र शिंपडलं होतं, असं अधिकाऱ्यांनी नंतर सांगितलं. एक बाटली न्हाणीतली, दुसरी संडासातली. ड्रोन, हत्ती, पॅराग्लायडर यांना न जमलेलं काम दोन वासांनी केलं म्हणे. आपल्या हद्दीत ही कोण परकी येऊन गेली, हे हुंगायला ती आली. गेली नाही.

गोळी घालण्याची ती रीत बरोबर की चूक, यावर पुढं चौकश्या झाल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या, दिल्लीपासून मुंबईपर्यंत मंत्र्यांची जुंपली. त्यात मला शिरायचं नाही. मला एवढंच दिसतं की काकूंची मनी ज्या ओढीनं पत्र्याच्या दाराखाली पंजा घालते, तीच ओढ ओळखून तो सापळा लावला होता. मनीच्या त्या ओढीला आपण आगाऊपणा म्हणतो, आणि सरकारी मोहिमेत तिच्यावर भिस्त ठेवतो.

आपली ओढ तर त्याहून मोठी, कारण तिला अनुदान आहे. वाघ कुठं मुतला, कुठल्या झाडावर नख मारलं, कुठं विष्ठा टाकली, हे बघायला माणसं पगारावर आहेत. ती विष्ठा डबीत भरतात, डबीवर चिठ्ठी लावतात, डबी प्रयोगशाळेत जाते आणि तिथून त्याचं खाणंपिणं, नातंगोतं सगळं बाहेर येतं. पाणवठ्यावर कॅमेरे आहेतच. आमच्याच जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरणा वाघ 2019 च्या पावसाळ्यात घर सोडून निघाला आणि डिसेंबरपर्यंत बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. गळ्यात जीपीएसचा पट्टा. दर तासाला त्याची जागा टिपली जात होती आणि अशा 5,000 हून जास्त नोंदी झाल्या. सगळी मिळून 3,000 किलोमीटरांची पायपीट. बिचारा जोडीदारीण शोधत होता, आणि तो कोणत्या रात्री कोणाच्या कपाशीत बसला होता हे सगळ्या जगाला माहीत. एवढी पाळत गावात सासूही सुनेवर ठेवत नाही.

ही पाळत वाईट असं मी म्हणत नाही. तिच्यावाचून वाघ वाचायचा नाही आणि शेतकरीही वाचायचा नाही. म्हणणं एवढंच की, ज्या जातीनं वाघाच्या विष्ठेचे डबे भरून ठेवलेत, तिनं मांजर न्हाणीत डोकावलं म्हणून खासगीपणाच्या नावानं गळा काढू नये. हिशेब काढायला बसलो तर मांजरकुळाचं आपल्याकडं बरंच येणं निघेल.

तरीही एक दार बंदच ठेवा, आणि त्याचं कारण तुमची लाज हे नको.

न्हाणी-संडास धुवायला आपण काळं फिनाईल ओततो. त्यात फिनॉल जातीची रसायनं असतात. माणसाचं यकृत ती थोडीफार पचवून बाहेर टाकतं. मांजराच्या यकृतात त्यासाठी लागणारी विकरं फार तोकडी असतात. ओल्या फरशीवर मांजर चालतं, पाय चिकट लागले म्हणून पंजे चाटून काढतं, आणि जिभेवाटे ते विष पोटात जातं. लाळ गळू लागली, तोल जाऊ लागला, की लोक म्हणतात कुणी तरी काही खायला घातलं. कुणी घातलेलं नसतं, आपणच ओतलेलं असतं. कपाटातल्या डांबरगोळ्यांचंही तेच. आणि अंगदुखीला आपण सहज घेतो त्या पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराला पुरेशी होते, संपायला.

तेव्हा फिनाईल टाकलं की दोन बादल्या साधं पाणी ओता, फरशी कोरडी होईस्तोवर दार लावून घ्या आणि बाटलीचं झाकण घट्ट बसवून ती वरच्या फळीवर ठेवा. बाहेर मनी दार खरवडत बसेल, तिला बसू द्या. फरशी वाळली की दार उघडा आणि तिला काय हुंगायचं ते हुंगू द्या.